तेविसावी मूठ

थोरली: हिला सांग, तसल्या चकचकीत मुठी मला नकोत. तोंड दिसतं त्यांत.

धाकटी: यांना म्हणावं, बघावं की मग एकदा. कपाळावरच्या आठ्या तरी मोजता येतील.

मुलगी: अहो काकू, तुम्ही दोघी एकाच बाकावर बसलाय. मध्ये फक्त एक पिशवी आहे. मी कशाला सांगायचं? ऐकू आलंय त्यांना.

थोरली: ऐकू आलं असेल. सांगितलेलं नाही अजून.

मुलगी: बरं. धाकट्या काकू, मोठ्या काकूंना चकचकीत नकोत. मोठ्या काकू, धाकट्या काकूंचं म्हणणं असं की... जाऊ दे, ते मी नाही सांगत.

थोरली: शहाणी आहेस. वडील कुठेत तुझे?

मुलगी: दाढ काढायला गेलेत. तोपर्यंत दुकान माझं! घाबरू नका हं, मला सगळं येतं. नॉब, हँडल, बिजागऱ्या, कुलपं. शाळेत गणिताचे सर माझ्या नावाने कपाळ बडवतात, पण कुठल्या दाराला किती लांबीचा स्क्रू, यात मी आजवर एकदाही चुकलेली नाही.

धाकटी: गोड बोलते गं पोरगी. आमच्या घरी अशी कुणी असती तर घरात आवाज तरी झाला असता.

मुलगी: तुम्ही बहिणी का?

थोरली: जावा.

धाकटी: सख्ख्या. यांचे मिस्टर थोरले, आमचे हे धाकटे. दोघेही गेले आता. आमच्या ह्यांना सात वर्षं झाली, मोठ्या भाऊजींना चार. मुलं आपापल्या नोकऱ्यांच्या गावी. एवढं मोठं घर आणि त्यात आम्ही दोघी.

मुलगी: आणि एकमेकींशी बोलत नाही.

धाकटी: बोलतो की. हे काय चाललंय मघापासून?

मुलगी: हे माझ्यामार्फत चाललंय! घरी कोण असतं मधे?

थोरली: फ्रिज.

मुलगी: म्हणजे?

धाकटी: अगं, चिठ्ठ्या लावतो फ्रिजवर. यांच्या चिठ्ठ्या कशा, तर 'दूध संपले.' बस. माझ्या जरा लांब असतात.

थोरली: परवा गॅसवाला येऊन गेला, एवढं सांगायला हिने कागदाच्या दोन्ही बाजू भरल्या.

धाकटी: तो पावती न देता गेला होता! ते सविस्तर सांगायला नको?

मुलगी: बरं, बरं. आता कामाचं. सुताराने काय काय आणायला सांगितलंय?

धाकटी: ही त्याची चिठ्ठी. तू वाच. माझा चष्मा घरी राहिलाय.

मुलगी: 'स्वयंपाकघर तेवीस, बाथरूम सहा. मुठी सगळ्या एकसारख्या आणल्यात तर ओटा एकच ठेवतो. दोन तऱ्हेच्या आणल्यात तर मधून भिंत घालतो. संध्याकाळपर्यंत आणा. तोंडी निरोप आता घेणार नाही.' आई गं! हे काय? त्याने तुमची परीक्षाच घेतलीय की!

थोरली: कंटाळला तो. सकाळी हिने एक सांगायचं, दुपारी मी दुसरं.

धाकटी: दुपारी यांनी एक सांगायचं आणि सकाळचं त्याने पाडायचं.

मुलगी: म्हणजे भिंत घालायची का नाही, ते या नॉबवर ठरणार? माझ्या काउंटरवर?

थोरली: भिंत घालायचं ठरलेलंच आहे. दोन ओटे, दोन गॅस. जिचं तिने बघावं.

धाकटी: यांचं ठरलंय.

मुलगी: आणि तुमचं?

धाकटी: माझं काय. मी कशाला नको म्हणू? उगाच गळ्यात पडल्यासारखं.

मुलगी: हं. मग मी आधी नमुन्यांचा फळा काढते. हा बघा. एकूण चौऱ्याऐंशी नग, सगळे मी स्वतः पुसलेत. आधी एक नीट ऐका. नॉब घेतलात तर दाराला एकच भोक. हँडल घेतलंत तर दोन, आणि दोन भोकांमधलं अंतर एका भोकाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत मोजायचं. लोक टोकापासून टोकापर्यंत मोजतात आणि मग दुसऱ्या दिवशी तोंड पाडून परत येतात. पाडलेलं भोक बुजवता येतं, पण दिसतं. तेव्हा काय ते आत्ताच ठरवा.

धाकटी: मला हे आवडलं. चिनी मातीचं. निळी फुलं आहेत बघ, किती नाजूक.

थोरली: हिला सांग, ते दवाखान्यातल्या बशीसारखं दिसतं.

मुलगी: दिसतं खरं थोडं. पण खपतात हं भरपूर. तुम्हाला कुठला?

थोरली: हा. काळा, गोल, छोटा. नक्षी नाही, काही नाही.

धाकटी: दाराला बटण लावल्यासारखं. आणि यांना सांग, तो चालायचा नाही त्यांना. सकाळी त्यांचा उजवा अंगठा वळत नाही. एवढासा गोल धरणार कशाने?

मुलगी: काकू, तुमचा अंगठा दुखतो?

थोरली: सकाळचाच. तासाभरात सुटतो. हिला कुणी सांगितलं?

धाकटी: सांगायला कशाला पाहिजे? गेली दोन वर्षं सकाळी बरणीचं झाकण डाव्या हाताने उघडतात. म्हणून रात्रीच सैल करून ठेवते मी.

थोरली: मला वाटायचं झाकणच जुनं झालंय. पुढचं दाखव.

मुलगी: पुढचं म्हणजे हँडल. हे लांब बघा, स्टीलचं. अख्खी चार बोटं मावतात. अंगठा लागतच नाही.

धाकटी: हे झकास आहे. हे घेऊ का मी?

थोरली: हिला सांग, अजिबात नको. टोकं उघडी आहेत. हिची बाही अडकेल. ही कधी जागेवर बघून चालते का? बोलत बोलत वळते. जुन्या कडीत अडकून दोनदा दुधाचं पातेलं सांडलंय, एकदा गरम. डाव्या मनगटावर डाग आहे अजून.

धाकटी: उजव्या.

थोरली: डाव्या.

धाकटी: थांब, बघते. हो. डाव्या.

मुलगी: कमाल आहे बाई तुमची. तुम्ही एकमेकींसाठी खरेदी करताय का? तसंच करू मग! मोठ्या काकू धाकट्या काकूंच्या घेतील, धाकट्या काकू मोठ्या काकूंच्या.

थोरली: फाजीलपणा पुरे. बाथरूमचं बघ आधी. ते सोपं आहे.

मुलगी: बाथरूमला मी पितळी देणार नाही, आधीच सांगते. ओल्याने वर्षभरात काळं पडतं आणि लोक बाबांशी भांडायला येतात. गुळगुळीत गोलही नाही, साबणाच्या हाताने सटकतं. हे तीन बघा. स्टील, कडेला खाचा आहेत, बोटं घट्ट बसतात. माझ्या मते...

थोरली: मधला.

धाकटी: मधला.

मुलगी: वा!

थोरली: मग मी डावीकडचा घेते.

मुलगी: का पण? तुम्हाला मधला आवडला ना?

थोरली: हिने घेतला ना तो. घेऊ दे.

धाकटी: यांना म्हणावं, आधी त्या बोलल्या. मधला त्यांचा. मीच डावीकडचा घेते.

मुलगी: अहो, आतल्या खोक्यात मधल्याचे साठ नग आहेत! सहाच्या सहा मधलेच टाकते पिशवीत. वरची बाथरूम, खालची बाथरूम, सगळीकडे तेच. कुणी काही बोलायचं नाही. झालं, बांधले.

थोरली: बापाच्या वरताण आहे.

मुलगी: थँक्यू! आता स्वयंपाकघर. तुमच्या याद्या आणल्यात ना? कुणाच्या बाजूला किती दारं, किती खण?

थोरली: माझ्या बाजूला बारा.

धाकटी: माझ्याकडे दहा.

मुलगी: बारा आणि दहा बावीस. सुताराने तेवीस लिहिलेत. एक कुठे गेला?

थोरली: हिच्याकडे असेल.

धाकटी: मी तीनदा मोजलेत. दहाच आहेत.

मुलगी: थांबा, चिठ्ठीच्या मागे त्याने आकृती काढलीय. हा ओटा, ही खिडकी, ही भिंतीची रेघ... अय्या! रेघ बरोबर एका कपाटावरून जाते. खिडकीखालच्या. आणि बाजूला लिहिलंय, 'हे कुणाचे? कापावे लागेल.' हे तुमच्या दोघींच्याही यादीत नाहीये.

थोरली: ते हिचं.

धाकटी: यांना म्हणावं, माझं नाही. मला नको ते.

मुलगी: वाईट आहे का?

थोरली: वाईट नाही. जुनं सागाचं आहे. बाकी सगळं नवीन केलं, ते एक सुताराने ठेवलं. लाकूड चांगलं म्हणाला. नुसती मूठ लावा म्हणाला.

मुलगी: म्हणजे आत्ता त्याला मूठ नाही? मग उघडता कसं?

धाकटी: चमच्याने.

मुलगी: कशाने?

थोरली: चमच्याने. दांडा फटीत घालायचा, खालून उचकटायचं. चमचा बाजूच्या खिळ्याला टांगलेला असतो.

मुलगी: कधीपासून?

धाकटी: नऊ वर्षं होतील.

मुलगी: नऊ वर्षं! मी पहिलीत होते! अहो, एका स्क्रूचं काम आहे ते. मी डोळे मिटून पाच मिनिटांत केलं असतं. पहिलीत असतानासुद्धा केलं असतं!

थोरली: मूठ जिच्या हातून तुटली तिने आणायची.

धाकटी: आणणारच होते मी! दुपारी तुटली. म्हटलं, उद्या सकाळी बाजारात जाऊन आणते. सकाळी उठून बघते तर चमचा टांगलेला. यांना विचार, एवढी घाई कसली होती? एक रात्र दम धरवला नाही. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावं, या घरातल्या धाकट्या सुनेने काय मोडून ठेवलंय. पाटी लावायची तेवढी बाकी ठेवलीत.

थोरली: मी टांगला?

धाकटी: मग कोण?

थोरली: हिला सांग, तो चमचा माझ्या संचातला आहे. सहा होते, माझ्या आईने दिलेले. आता पाच आहेत. मी माझाच चमचा घेऊन खिळ्याला लटकवीन?

मुलगी: नाही लटकवणार कुणी.

थोरली: मूठ मोडली ती मोडली. आणून लावायची सोडून माझ्या संचातला चमचा उचलला आणि लटकवून दिला. म्हणजे काम भागलं. मी तेव्हाच ठरवलं, हिच्याशी बोलण्यात अर्थ नाही.

धाकटी: मी घेतला? तुमचा चमचा? अगं पोरी, यांच्या संचाला हात लावायची हिंमत होती का कुणाची त्या घरात? पाहुणे आले तरी कपाटातून निघायचा नाही तो संच!

मुलगी: एक मिनिट. एक मिनिट थांबा दोघी. मोठ्या काकू, तुम्ही टांगला नाही?

थोरली: नाही.

मुलगी: धाकट्या काकू, तुम्हीही नाही?

धाकटी: सांगितलं ना, नाही.

मुलगी: आणि नऊ वर्षं तुम्ही एकमेकींना हे विचारलं नाहीत. फ्रिजवर एक चिठ्ठी? 'चमचा कुणी टांगला?' तीनच शब्द. एवढं तर मोठ्या काकूंनाही लिहिता आलं असतं!

थोरली: विचारायचं काय. दिसत होतं.

मुलगी: काय दिसत होतं? टांगलाय कशाने तो?

थोरली: नाडीने. बुटाची काळी नाडी. मी एकदा सोडवायला गेले होते, सहावा चमचा परत ठेवावा म्हणून. दोन नखं मोडली, गाठ हलली नाही. म्हटलं, काय राग आहे बाईचा, केवढी घट्ट बांधलीय.

धाकटी: मला गाठ मारता येते का? यांना माहीत नाही? माझ्या स्वतःच्या बुटाच्या नाड्या हे बांधून द्यायचे. ह्यांच्यानंतर मी नाडीचे बूटच सोडले.

मुलगी: कापली का नाही मग नाडी, मोठ्या काकू?

थोरली: कापली असती तर मी कापली हे कळलं असतं.

मुलगी: आणि तुम्ही कधी बघितलीच नाही ती गाठ? रोज तर हातात येत असेल.

धाकटी: नाही बघितली. चमचा घ्यायचा, दार उघडायचं, सोडून द्यायचा. मान तिकडे करून. मला तो डोळ्यांसमोर नको असायचा. कशी आहे गाठ? विचार त्यांना.

थोरली: तीन वेढे. मग एक उलटा. आणि टोक बाहेर ठेवलेलं नाही, आत खोचलंय. म्हणून तर नखाला लागत नाही.

धाकटी: टोक आत?

थोरली: आत.

(धाकटी पिशवीचा बंद बोटाभोवती गुंडाळून बघते, तीन वेढे, मग एक उलटा. मुलगी फळ्यावरचा एक नॉब उगाचच पुसत राहते.)

मुलगी: काय झालं? सांगा ना.

धाकटी: हे पार्सलच्या ऑफिसात होते. एकोणतीस वर्षं गठ्ठे बांधले. घरातल्या किल्ल्या, बॅटरी, कात्री, सगळं नाडीने बांधून ठेवायचे. टोक बाहेर राहिलं की कुणीतरी ओढतं म्हणायचे. म्हणून आत.

मुलगी: म्हणजे काकांनी...

धाकटी: रात्री पाणी प्यायला उठले असतील. पेले त्याच कपाटात, दार उघडेना म्हणून शेजारच्या कपाटातला हाताला लागला तो चमचा घेतला असेल. कुणाचा, कुठल्या संचातला, त्यांना काय कळतंय.

थोरली: भावजींना सगळे चमचे सारखेच.

धाकटी: त्यांनी मला विचारलं होतं एकदा. तुमचं दोघींचं काय बिनसलंय म्हणून. मी म्हटलं, बायकांचं आहे, तुम्ही लक्ष घालू नका. मग नाही घातलं त्यांनी.

मुलगी: आणि त्यांना वाटलं असेल, चमचा आपण टांगलाय हे सगळ्यांना दिसतंयच.

थोरली: हिला सांग...

मुलगी: नाही सांगणार.

थोरली: काय?

मुलगी: नाही सांगणार मी, मोठ्या काकू. मी दुकानदार आहे, फ्रिज नाही. त्या इथेच आहेत, पिशवीच्या पलीकडे. ही बघा, पिशवीही उचलली मी.

धाकटी: राहू दे गं. त्यांना सवय नाही राहिली.

थोरली: बरणीचं झाकण रोज रात्री सैल करतेस?

धाकटी: हो.

थोरली: विसरत नाहीस कधी?

धाकटी: एकदा विसरले होते. गेल्या हिवाळ्यात, ताप होता तेव्हा.

थोरली: तो दिवस आठवतोय मला. बिनसाखरेचा चहा प्यायले.

धाकटी: मला वाटलं, साखर सोडलीत. तशी चिठ्ठी लावणार होते मी, विचारायला.

थोरली: दोन्ही बाजू भरून?

धाकटी: एकच.

मुलगी: काकू, मला बोलायचं नाहीये मधे, पण सुतार संध्याकाळपर्यंत म्हणालाय. स्वयंपाकघराचं काय करू? काळे गोल का निळी फुलं?

थोरली: दोन्ही नकोत. असं काही आहे का, जे अख्ख्या मुठीत येईल आणि बाहीत अडकणार नाही?

मुलगी: आहे ना! केव्हाची सांगणार होते, पण तुम्ही बोलू देता कुठे. हा बघा. लांबट आहे, आंब्याच्या कोयीसारखा फुगीर. टोकं मिटलेली, भोक एकच. जुन्या पितळेचा रंग आहे, चमकत नाही, तोंड दिसत नाही. धरून बघा.

थोरली: अंगठा नाही लागत.

धाकटी: बघू. बाही पण नाही अडकत. बघा, ही अशी फिरवली तरी.

थोरली: मी सांगते तेव्हा बघत नाहीस, आता बघतेयस.

मुलगी: किती देऊ? सगळे हेच?

थोरली: सगळे हेच. दुसरी तऱ्हा नको.

धाकटी: जाऊबाई, भिंत...

थोरली: चिठ्ठीत काय लिहिलंय ते वाचलं ना तिने. परत कशाला वाचायचं?

मुलगी: म्हणजे एकच ओटा! मग तेवीस काढते. स्क्रू बावीस आखूड आणि एक लांब, सागाचं दार जाड असणार. बघा, मी म्हटलं नव्हतं, स्क्रूत मी चुकत नाही.

थोरली: लांब स्क्रू ठेव परत. बावीसच दे.

मुलगी: पण सुताराने तेवीस लिहिलेत.

थोरली: चुकला तो. खिडकीखालच्या कपाटाला आहे की मूठ.

धाकटी: अहो, पण तुमच्या आईचा संच. आता तरी गाठ कापून काढू या. ब्लेडने निघेल.

थोरली: कशाला? दोघी तर आहोत आपण. पाच पुरतात.